न छेडलेल्या तारा

४ मार्च

भाऊजी,

दुरुस्त झाली म्हणून परत पाठवलीत ती गिटार तुम्ही एकदा तरी वाजवून पाहिलीत का, की नुसती पुसून खोक्यात घातलीत? वर चिठ्ठी काय, तर "वहिनी, आता बिनधास्त वाजवा." वाजवली बिनधास्त. माझ्या अब्रूचं खोबरं झालं.

शनिवारचा हॉल भरलेला. एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, त्यांनी त्यांचं जुनं संथ गाणं सांगितलं. आमच्या कप्तानांनी दिवे मंद केले. बँडचा मालक असला तरी त्या माणसाला सगळे कप्तानच म्हणतात, कारण हुकूम सोडण्यापलीकडे तो काही करत नाही. ती दोघं डोळे मिटून हळूहळू फिरताहेत, मी गिटारीचा डबा बासरीच्या आवाजावर लावलेला, बाकी सगळे गप्प. आणि मी हातसुद्धा न लावलेल्या तारेतून आवाज आला, चीं. म्हातारबुवांनी डोळे उघडून छताकडे बघितलं. आजीबाई म्हणाल्या, "पाखरू शिरलं वाटतं आत." परत चीं चीं. ड्रमवाला तोंडात रुमाल कोंबून बसला. मी तिथेच जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला ठाऊक आहे सगळं, तरी लिहून काढते, कारण फोनवर तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" करता आणि नंतर भलतंच करून ठेवता. म्हणून तर हे पत्र लिहिण्याचं दुखणं मागे लावून घेतलं. तर, ही गिटार साधी नाही. तारांच्या खाली, त्या टेकतात त्या पुलाजवळ जी पट्टी आहे ती प्रत्येक तारेवर वेगळी नजर ठेवते आणि डब्याला सांगते, कुठली तार हलली, कुठला सूर लागला. डबा तो सूर बासरीत काढतो, नाहीतर व्हायोलिनमध्ये. बासरीवाले काका घरी बसले तेव्हापासून कप्तानांनी हे प्रकरण माझ्या गळ्यात मारलंय, एका बाईत दोन माणसांचं काम. माझी तक्रार नाही. पण मी एक तार छेडते आणि डब्याला तीन ऐकू येतात, ही तक्रार आहे.

कप्तान काय म्हणाले ते ऐका. "बाई, तुमचा हात जड झालाय. दिवसभर लॉण्ड्रीत इस्त्री दाबता, तशाच तारा दाबता." मी म्हटलं, दोष गिटारीत आहे. तर सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." ५ एप्रिलला हॉलचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे. त्यात एकदा जरी पाखरू ओरडलं तर कीबोर्डवाली एक मुलगी त्यांनी हेरून ठेवलीय, ती माझ्या जागी. मग मी आणि इस्त्री, सोमवार ते रविवार. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, मला दोनच गोष्टी येतात, कपड्यांच्या सुरकुत्या काढणं आणि गिटार. त्यातली एकच माझी आहे.

मामंजी वाद्यांच्या दुकानात बसून सांगायचे, "धाकट्याचा हात आणि सुनेचा कान, हे दुकान बंद पडायचं नाही." कान आहे तिथे आहे. हात कुठे गेला, भाऊजी?

हे म्हणताहेत, धाकट्याला रागावून लिहू नकोस. हे न रागावता लिहिलेलं आहे.

वहिनी


८ मार्च

वहिनी, नमस्कार.

न रागावता लिहिलेलं असं, तर रागावलेलं पत्र आपली टपाल-सामान आणणाऱ्या बसवाल्याने चिमट्यात धरून आणलं असतं. दादाला म्हणावं, बायकोला आवरायचा प्रयत्न केल्याबद्दल आभार.

गिटार मी तपासून पाठवली होती, शपथेवर सांगतो. डब्यावर प्रत्येक तारेचा एक दिवा आहे ना, एकेक तार छेडून बघितली. हलकी छेडली की हिरवा, जोरात छेडली की लाल. साही दिवे शहाण्या पोरांसारखे लागले. तरी तुम्ही म्हणता म्हणजे काहीतरी असेल.

असं होतं त्याची कारणं सांगतो. डब्यात सेन्सिटिव्हिटी म्हणून एक गोष्ट असते. आपण हळवेपणा म्हणू. तार किती कमी हलली तरी दखल घ्यायची, हे त्यावर ठरतं. फार हळवा झाला की शेजारची तार नुसती शहारली तरी डबा सूर काढतो. जाड तारा जास्त घुमतात, म्हणून सहावी, पाचवी आणि चौथी, या तिन्हींचा हळवेपणा दोन दोन घरं खाली आणा. दुसरं, तारा जुन्या असतील तर साही एकदम बदला, एकाच पाकिटातल्या. तिसरं, गिटारीच्या डोक्याकडे, जिथून तारा गळ्यावर येतात, तिथे मऊ कापडाची पट्टी बांधा, म्हणजे मोकळ्या तारा आपणहून घुमणार नाहीत. चौथं, रागावू नका, हात जरा हलका ठेवून बघा.

फोनचं म्हणाल तर हा नवा फोनच भिकार निघाला. माणसं तोंडात कापूस धरून बोलल्यासारखी ऐकू येतात. हल्ली कुठलीच वस्तू धड मिळत नाही. परवा शिटीची किटली घेतली, पाणी उकळलं की वाजते म्हणे. ती वाजलीच नाही. मी आपला बाकावर एका मेंडोलिनचा गळा चिकटवत बसलो आणि तिकडे पाणी आटून किटलीचं बूड काळं. दुकानदाराला नेऊन दाखवली, तर मलाच वेड्यात काढतो. शेवटी भांडून बदलून आणली.

तुमचा भाऊजी


१३ मार्च

भाऊजी,

हात हलका ठेवा. लिहिलंत, ते लिहिलंत. माझ्या हाताबद्दल बोलणारे कप्तान एक होते, आता दोन झाले. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुमचं?

तरी सांगितलंत ते सगळं केलं. तारा बदलल्या. कापडाची पट्टी सारखी सुटत होती, म्हणून माझ्या केसांचं जाड मऊ रबर काढून गिटारीच्या गळ्यात घातलं. ड्रमवाल्याने विचारलं, "वेणी पण घालणार का तिची?" घालू दे. रबराने काम होतं, तुमच्या पट्टीने झालं नसतं. मग डब्याचे आकडे. मला तो बारका पडदा वाचता येत नाही, म्हणून ह्यांना चष्मा लावून बसवलं. मी म्हणते खाली, हे नेतात वर. संध्याकाळ त्यात गेली, आमचं बोलणं दोन दिवस बंद होतं. पण जाड तारा शहाण्या झाल्या, हे मान्य करते.

आता नीट वाचा. माझी तक्रार जाड तारांची नव्हतीच. पाखरू जाड तारेवर बसत नाही. चीं चीं येतं ते पहिल्या आणि दुसऱ्या तारेतून, सगळ्यात पातळ आहेत त्या. मी चौथी छेडली की पहिली उगाच ओरडते, ती पण सगळ्यात वरच्या सुरात, कानात सुई घातल्यासारखी. पातळ तारांबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तुमचा विश्वास बसावा म्हणून ह्यांच्या फोनवर आवाज भरून तुम्हाला पाठवलाय. तेच संथ गाणं आहे. शांत बसून ऐका. त्यात पाखरू इतक्या वेळा ओरडतं की शेजारच्या मांजराने खिडकीत येऊन बघितलं. आणि गिटार, डबा, सगळं आज बसवाल्याकडे देतेय. ही दुसरी खेप आहे. तिसरी करायला वेळ नाही.

कप्तानांनी त्या कीबोर्डवाल्या मुलीला काल तालमीला बोलावलं होतं. बसली होती माझ्या खुर्चीवर. मला बघून उठली, बिचारी. "काकू, तुम्ही बसा" म्हणाली. तिच्यावर रागावता पण येईना.

वहिनी


१८ मार्च

वहिनी, नमस्कार.

आवाज भरून पाठवलात तो शांत बसून ऐकला, परत परत. खरं सांगू का, इतकं सुंदर तुम्ही किती वर्षांत वाजवलं नसेल. बाबा सुनेचा कान म्हणायचे तो हाच. पण पाखरू मला कुठे सापडलं नाही. अगदी स्वच्छ आहे. फोन कानाला चिकटवून ऐकलं, तरी स्वच्छ. हॉलच्या स्पीकरमध्ये काही असेल. किंवा त्या कप्तानाने तुमच्या डोक्यात भरवलंय आणि आता तुम्हाला ते नसताना ऐकू येतं. असं होतं माणसाचं, काळजीने. थोडी विश्रांती घ्या.

गिटार पुन्हा पूर्ण तपासली. तुम्ही पातळ तारांचं लिहिलंत म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. मला विचाराल तर त्या ओरडत नाहीत, उलट फार मंद आहेत. मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं, म्हणून तेव्हाच दोघींचा हळवेपणा तीन घरं वाढवला होता, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. या वेळी आणखी दोन घरं वाढवला. शिवाय तारांखालच्या पट्टीचा त्या बाजूचा स्क्रू फिरवून ती तारांच्या अगदी जवळ आणली, मध्ये जेमतेम कागद जाईल इतकी. आता पातळ तारा खणखणीत बोलतील. दिवे तर बघण्यासारखे लागतात.

बदलून आणलेली किटलीही मुकीच निघाली. आता भांडायचा कंटाळा आलाय. दाराची घंटाही कधी वाजते, कधी नाही, गिऱ्हाईक काचेवर टकटक करतं तेव्हा कळतं. सगळा माल असलाच.

५ तारखेला धडाक्यात वाजवा. दादाला नमस्कार.

तुमचा भाऊजी


२३ मार्च

भाऊजी,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. मला गोड बोलून सांगता येत नाही, ते तुम्हाला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे.

गिटार आली. वाजवली. एक पाखरू होतं, आता थवा झालाय. जाड तारेवर बोट नुसतं टेकलं तरी वर किलबिलाट. तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात तयार करत मी स्वयंपाकघरात आले, चहाचं पाणी ठेवलं आणि तुमचं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले, म्हणजे ह्यांना पण कळावं धाकटा भाऊ काय दिवे लावतो ते. "बदलून आणलेली किटलीही मुकीच निघाली," इथपर्यंत आले. हे हसले, म्हणाले, "दोन्ही मुक्या? धाकट्याचं नशीबच तसलं." आणि तेवढ्यात आमची किटली वाजली.

माझं वाचणं तिथेच थांबलं.

गॅस बंद केला. हे दाढी करायला मोरीत गेले, तेव्हा मी बाहेर बसून त्यांच्या फोनवर तो भरलेला आवाज लावला, हळूच. आतून म्हणाले, "खिडकी लाव गं, पाखरू येईल आत." दार बंद होतं, नळ चालू होता, तरी त्यांना ऐकू आलं. आणि तुम्ही फोन कानाला चिकटवून बसलात आणि म्हणालात, स्वच्छ.

फोन भिकार नाही, भाऊजी. घंटा नीट आहे. आणि त्या दुकानदाराच्या दोन्ही किटल्या चांगल्या होत्या, उगाच तुमची बोलणी खाल्ली त्याने. वरचे सूर तुम्हाला ऐकू येत नाहीत. म्हणून पातळ तारा तुम्हाला मंद लागल्या. म्हणून वाढवत गेलात. तुम्ही दिवे बघून गिटार लावलीत, आणि दिव्याला काय, चांगल्या सुरालाही लागतो आणि फुकटच्या सुरालाही.

मी चुकत असेन तर मला हवंच आहे. बसवाल्याबरोबर आमची किटली पाठवतेय. ही मुकी नाही, हिच्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे लोक उठतात. पाणी भरा, गॅसवर ठेवा, समोर बसा. इकडेतिकडे जाऊ नका. वाजली का, ते लिहा. वाजली असं नुसतं मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. किटली कुठे गेली विचारत होते, म्हटलं, कल्हईला दिली. स्टीलची किटली कल्हईला. त्यांनी मान डोलावली.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

पाणी भरलं, गॅसवर ठेवली, खुर्ची घेऊन समोर बसलो. वाफ आली. शिटीच्या भोकातून सरळ वर चालली होती. मी वाट बघत होतो. मनात म्हटलं, वहिनींनी घाईत मोडकी पाठवली. आता त्यांना कसं कळवावं, या विचारात होतो, तर शेजारच्या घड्याळवाल्याची बायको दोन्ही कानांवर हात ठेवून आत आली. म्हणाली, "अहो, जीव घ्याल का आमचा, बंद करा ती."

मी विचारलं, "काय?"

मग तिनेच गॅस बंद केला. जाताना "येते हं" म्हणाली, ते नेहमीपेक्षा मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. तेवढं मात्र ऐकू आलं.

बाकावर दोन व्हायोलिन आहेत आणि ते मेंडोलिन. काल एका व्हायोलिनची सगळ्यात पातळ तार लावायला घेतली आणि हात थांबला. ती लागली की नाही हे मला कळतंय, की कळतंय असं मला वाटतंय, हेच कळेना. किती लोकांची वाद्यं मी अशी देऊन बसलो असेन. कोणी काही बोललं नाही. तुम्ही तेवढ्या भांडलात.

तिन्ही वाद्यं ज्यांची त्यांना परत करावीत असं ठरवतोय. तुम्ही गिटारीसाठी दुसरा कारागीर बघा, अजून वेळ आहे. हे लिहायला मला जड जातंय, पण तुमची जागा माझ्यापायी जायला नको. दादाला कळवू नका. किटली बसवाल्याकडे देईन.

आपला


२९ मार्च

भाऊजी,

"दुसरा कारागीर बघा." हे लिहून खाली नाव घालायची हिंमत झाली नाही, ते एक बरं केलंत. नुसतंच "आपला". कोणाचा?

इकडचं ऐका. तुम्ही वाढवलेली पाचही घरं मी उतरवली. हे आकडे वाचत होते, मी वाजवत होते. या वेळी वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली, कारण मी ओरडले नाही आणि त्यामुळे हे घाबरून गेले होते. थव्याचं परत एक पाखरू झालं. ते एक जाईना. ते तुमच्या त्या कागदभर अंतरामुळे आहे, पट्टी तारेला जवळजवळ चाटतेय. ह्यांनी स्क्रू फिरवायला घेतला. त्याचं डोकं झिजवलं, मग पेचकस निसटून गिटारीच्या अंगावर ओरखडा काढला, आणि म्हणाले, "हे धाकट्याचं काम आहे." मी तुमचं नावही काढलं नव्हतं. तेव्हा ह्यांना सांगून टाकलं सगळं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुमचं ऐकून माझं आजवर काय भलं झालंय?

ऐकल्यावर ह्यांनी पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणून तो गेल्या वेळी जेवताना माझ्या प्रत्येक विनोदाला हसत होता." एवढंच. मग जाऊन तुमच्यासाठी माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. आता ती परत वर चढवायची नाही असं म्हणताहेत.

तर गुरुवारी, ३ तारखेला, सकाळच्या बसने या. पेचकसांची पेटी आणा. तुम्ही पट्टीचा स्क्रू फिरवायचा, मी तार छेडायची. पाखरू आलं की मी तुमच्या खांद्यावर बोट ठेवीन, गेलं की उचलीन. दिव्यांकडे बघायचं नाही, मी त्यांच्यावर फडकं टाकणार आहे. कप्तानांना सांगून ठेवलंय की गुरुवारी आमच्या घरचा कारागीर येतोय. त्यांनी विचारलं, "मागच्या दोन वेळी केली तोच?" मी म्हटलं, तोच. त्यांनी ती कीबोर्डवाली मुलगी शनिवारी तयारीनिशी बोलावून ठेवली आहे. म्हणजे काय ते समजा.

ती व्हायोलिनं आणि मेंडोलिन परत करू नका. काखोटीला मारून घेऊन या. इथे बसून लावू, तार तुम्ही पिळा, बरोबर की चूक मी सांगते. मामंजींचं वाक्य मी तुम्हाला टोचायला लिहिलं होतं, अजूनही टोचायलाच लिहितेय. पण ते खोटं नव्हतं. नंतर कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे, हे बरोबर येणार आहेत. आमच्या लॉण्ड्रीतल्या एका बाईला कानाचं यंत्र मिळालं, पहिले काही दिवस तिला म्हणे स्वतःच्या साडीची सळसळ पण सहन होत नव्हती, नीट लावून घ्यायला चार खेपा झाल्या. तुमचं लावणारा माणूस दिवे बघून लावणारा नसला म्हणजे झालं.

किती लोकांना बिघडलेली वाद्यं दिली, ते मोजत बसू नका. ज्याला ऐकू येत होतं तो भांडला असता, जसं मी भांडले. जे बोलले नाहीत त्यांचे कानही तपासायला हवेत.

किटली बसवाल्याकडे देऊ नका, स्वतः घेऊन या. तिच्याशिवाय ह्यांना सकाळी जाग येत नाही, आणि कल्हईची थाप आता संपली आहे.

येताय की नाही, ते मंगळवारच्या, १ तारखेच्या बसने मला कळलं पाहिजे. कागदावर लिहून, खाली नाव घालून. फोन करू नका.

वहिनी